कीर्द, खतावणी व गोषवारा : हिशेबी दफ्तरांतील विलंबाचा ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

राज्यकारभाराच्या इतिहासाचे अभ्यासक हिशेबाच्या कागदांकडे बहुधा एकाच दृष्टीने पाहतात. वसूल किती, खर्च किती, बाकी किती, एवढे टिपून ते पुढे जातात. परंतु हिशेबाच्या दफ्तराला आणखी एक प्रश्न विचारता येतो व तो कमी महत्त्वाचा नाही. विचारलेल्या गोष्टीचे उत्तर त्या दफ्तरातून किती वेळात निघत असे? कोणत्या महालात किती बाकी थकली आहे, हे पुढील हंगामापूर्वी कळले तर तगाई देता येते, सूट-तहकुबीचा विचार करता येतो. तेच दोन वर्षांनी कळले तर आकडा अचूक असूनही निरुपयोगी ठरतो. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात ह्या गोष्टीचे महत्त्व विशेष सांगावयास नको. पिकांची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेल्यास टंचाईच्या सवलती लागू करण्याचा प्रघात महाराष्ट्रात दीर्घकाळ होता. तेथे गावोगावचे आकडे मुदतीत एकत्र येणे आणि शेतकऱ्याला सवलत वेळेवर मिळणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या राहतच नसत.

आज हाच प्रश्न संगणकाच्या भाषेत विचारला जातो. एखाद्या मोठ्या संस्थेचे हिशेब सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेले असतात. रोजच्या नोंदी क्षणात होतात. पण वर्षअखेरीस खातेवार बाक्यांचा अहवाल मागितला की पडदा बराच वेळ कोरा राहतो. पहिल्या वर्षी चटकन निघणारा अहवाल दहाव्या वर्षी अर्धा तास घेतो. यंत्र जुने झाले, नवे घ्यावे, असा निष्कर्ष मग काढण्यात येतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन ह्याहून निराळे आहे. अहवालाचा वेग हा मुख्यतः यंत्राचा किंवा लेखणीचा गुण नसून दफ्तराच्या रचनेचा गुण आहे. उत्तर लवकर मिळते तेव्हा त्याचे श्रम कोणीतरी आधीच, नोंद करतेवेळी, केलेले असतात. ह्या श्रमांतून मूळ नोंदीखेरीज एक दुय्यम कागद जन्माला येतो, आणि तो मूळ कागदाशी जुळता ठेवणे ही त्या वेगाची खरी किंमत असते. हे तत्त्व परभणी जिल्ह्याच्या भूमीवरून गेलेल्या निरनिराळ्या राजवटींच्या दफ्तरांत आणि आजच्या डेटाबेसमध्ये सारखेच आढळते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. दोन क्रम

हिशेबाच्या नोंदी दोन क्रमांनी लावता येतात. पहिला क्रम काळाचा. जी देवघेव जेव्हा घडली तेव्हा ती लिहिली. हीच कीर्द किंवा रोजकीर्द. दुसरा क्रम विषयाचा. अमुक व्यक्ती, अमुक गाव, अमुक बाब ह्यांच्या नावावरील सर्व रकमा एके ठिकाणी आणल्या; ही खतावणी. कीर्द लिहिणाऱ्याच्या सोयीची असते, कारण लेखणी जेथे थांबली तेथून पुढे लिहावयाचे असते. खतावणी विचारणाऱ्याच्या सोयीची असते, कारण त्याला एकाच खात्याची माहिती हवी असते. एका प्रतीत हे दोन्ही क्रम साधत नाहीत. म्हणून हिशेबाची जी जी पद्धत मोठी झाली तिने एकच मजकूर दोनदा लिहिण्याचे श्रम पत्करले. इटलीतील लुका पाचोली ह्याने १४९४ मध्ये छापलेल्या गणितग्रंथात व्यापाऱ्याच्या वह्यांचे वर्णन केले आहे. त्यातही कच्ची नोंदवही, रोजची कीर्द व खतावणी असे तीन टप्पे आहेत, आणि खतावणीसोबत खात्यांच्या नावांची अकारविल्हे सूची ठेवावी असा उपदेश आहे. आपल्याकडील व्यापारी वहीखात्यातही कीर्द आणि खतावणी ही जोडी अशीच सर्वपरिचित आहे.

परभणी जिल्ह्याचा प्रदेश तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात होता. महादेव आणि रामचंद्र ह्या यादव राजांच्या पदरी असलेला हेमाद्री अथवा हेमाडपंत हा ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे राजाच्या लेखन-हिशेबाच्या खात्याचा मुख्य होता. मोडी लिपीचा प्रसार आणि हिशेबाच्या नियमांचे ‘मेस्तक’ ह्यांचा संबंध परंपरा त्याच्याशी जोडते. परंपरेतील तपशील स्वतंत्रपणे तपासण्याजोगा आहे. तथापि जलद लिहिण्याची लिपी आणि हिशेबाची ठरीव शिस्त ह्या दोन गोष्टी लोकस्मृतीने एकाच पुरुषाच्या नावावर जमा केल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिलीने नोंद लवकर होते, दुसरीने उत्तर लवकर मिळते.

ह्याच जिल्ह्यातील पाथरीचे उदाहरण निराळ्या कारणासाठी उद्बोधक आहे. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फेरिश्ता ह्या इतिहासकाराने नमूद केले आहे, आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुऱ्हाण निजामशहा व वऱ्हाडचा इमादशहा ह्यांच्यात पाथरीवरून झालेला तंटा इतिहासप्रसिद्ध आहे. पुढे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात पाथरी हे एका सरकारचे ठाणे असल्याचे ‘आईन-ई-अकबरी’वरून दिसते. कुलकर्णाचे वतन वंशपरंपरेचे असे. गावाचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी राही, आणि त्याची सूची बहुधा त्याच्या डोक्यात असे. कोणाची जमीन कोणत्या बंदात आहे, हे त्याला न शोधता सांगता येई. अशा दफ्तरातून उत्तर लवकर मिळे हे खरे, पण ते त्याच माणसाला व त्याच्या मर्जीने मिळे. सूची कागदावर नसून माणसापाशी असली, म्हणजे वेग हा त्या माणसाच्या सत्तेचा भाग बनतो. सूची कागदावर उतरवणे ही म्हणूनच केवळ सोयीची नव्हे, तर राज्यसत्तेच्या दृष्टीनेही मोठी गोष्ट होती.

३. हुजूर दफ्तरातील व्यवस्था

१७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीचे हक्क मराठ्यांना मिळाले. पुढे १७२४ पासून निजामाची सत्ता ज्या मुलुखात स्थिर झाली, त्या मुलुखातील उत्पन्नाचा हिशेबही त्यामुळे पुण्याच्या दफ्तराला ठेवावा लागला. दुसऱ्याच्या ताब्यातील प्रदेशाच्या वसुलावर आपला हिस्सा सांगावयाचा, तर कागद चोख असावे लागतात आणि वेळेवर सापडावे लागतात.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मुख्य विभाग होते : चालते दफ्तर व एकबेरीज दफ्तर. चालते दफ्तर फडणिसाच्या देखरेखीखाली असे. त्यात फड, बेहेडा व सरंजाम अशा शाखा होत्या. फडातून हुकूम व सनदा निघत आणि रोजकीर्द लिहिली जाई. बेहेड्यात महालांच्या उत्पन्न-खर्चाचे अंदाज बांधले जात. सरंजामी जमिनींचा हिशेब तिसऱ्या शाखेत राही. एकबेरीज दफ्तरात सर्व खात्यांकडील हिशेब काम संपल्यावर जमा होत. तेथे ते बाबवार लावून खतावण्या केल्या जात, आणि वर्षाचा जमा, खर्च व बाकी एका दृष्टिक्षेपात दिसेल असे तर्जुमे तयार होत.

ह्या विभागणीतील मर्म असे की चालू नोंद करणारे हात आणि जुन्या नोंदींतून उत्तर काढणारे हात वेगळे ठेवले होते. फडावरच्या कारकुनाला मागील पाच वर्षांचा आढावा मागितला असता तर त्या दिवसाची रोजकीर्द खोळंबली असती. तर्जुमा आधीच तयार असल्याने पुन्हा पुन्हा मूळ रुमाल सोडावे लागत नसत. नाना फडणिसाच्या काळात ही व्यवस्था विशेष नीटनेटकी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची हेळसांड झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अशी हेळसांड प्रथम दुय्यम कागदांची होते. रोजकीर्द काही काळ चालूच राहते, कारण तिच्यावाचून पैसा हलत नाही. खतावणी व तर्जुमा मात्र मागे पडतात, कारण त्यांची उणीव त्या दिवशी कोणाला भासत नाही. ती भासते जेव्हा कोणी प्रश्न विचारतो तेव्हा.

असा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वये इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातील इनामांच्या हक्कांची चौकशी चालविली आणि त्यासाठी पेशवे दफ्तरातील नोंदींचा आधार घेतला. इनामदाराजवळची सनद दफ्तरातील नोंदीशी ताडून पाहण्यात येई. नोंद दफ्तरात असून ती सापडली नाही, तर इनामदाराच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. दफ्तर सुस्त असण्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतात, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण देणे कठीण आहे.

त्यानंतर ह्याच दफ्तराला इतिहाससंशोधकांनी प्रश्न विचारले. गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ ह्या मालेचे ४५ खंड १९३० नंतरच्या अल्प काळात प्रसिद्ध झाले. ह्या खंडांमुळे मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन किती सुलभ झाले हे सर्वश्रुत आहे. परंतु तेही एका अर्थी दुय्यम कागदच होत. जे रुमाल निवडीत आले नाहीत त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले, आणि हिशेबी कागद तर राजकीय पत्रव्यवहाराच्या मानाने निवडीत फारच थोडे आले. गोषवारा हाताशी असला की मूळ कागद उघडण्याची सवय सुटते, हा धोका विद्वानांनाही चुकलेला नाही.

४. परभणी जिल्ह्याचे दफ्तर : सन, नाणे आणि भाषा

आता प्रत्यक्ष जिल्ह्याकडे वळू. १८५३ मध्ये हैदराबादचे दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. वसूल मक्त्याने देण्याची जुनी पद्धत मागे पडून पगारी अधिकाऱ्यांमार्फत वसूल व हिशेब होऊ लागला. १८८४ च्या सुमारास राज्यकारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. गावपातळीवर पटवारी मोडी मराठीत लिहीत असे आणि वरच्या कचेऱ्यांत उर्दू चाले. म्हणजे गावाचा आकडा वर चढताना लिपी बदले, भाषा बदले, आणि प्रत्येक पायरीवर नवी नक्कल तयार होई.

ह्याखेरीज दोन मोजमापे निराळी होती. पहिले, वर्ष. हैदराबादचा फसली सन इसवी सनाहून सुमारे ५९० वर्षांनी मागे; आजूर, दै, बहमन इत्यादी त्याचे महिने. दुसरे, नाणे. हैदराबादचा हाळी शिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया ह्यांचे प्रमाण ७ हाळीस ६ कलदार असे होते. १०० कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाळी होत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर १३५८ फसलीत, म्हणजे १९४८-४९ मध्ये, जमिनीच्या हक्कनोंदीचा विनियम आणि जहागिरी नष्ट करणारा विनियम असे दोन महत्त्वाचे विनियम झाले. जहागिरींचे हिशेब आता सरकारी दफ्तरात मिळवावे लागले. १९५४-५५ च्या सुमारास खासरा पाहणी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला, १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन दशमान नाणी सुरू झाली, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. सुमारे बारा वर्षांच्या अवधीत एकाच जिल्ह्याच्या दफ्तराने राज्य, भाषा, सन आणि नाणे असे सारे काही बदललेले पाहिले.

ह्या संक्रमणातून विलंबाचे जे कारण निर्माण झाले त्याचा स्वभाव नीट ओळखला पाहिजे. १९४० ते १९६० ह्या काळातील एका खातेदाराचा देय वसूल आणि भरणा मांडावयाचा असेल, तर प्रत्येक फसली तारीख इसवीत आणि प्रत्येक हाळी रक्कम कलदारात फिरवून मगच बेरीज करता येते. कारकून जर प्रत्येक जुनी नोंद उघडून तिची तारीख फिरवून पाहू लागला आणि मग ती हवी की नको हे ठरवू लागला, तर त्याला सारे दफ्तर चाळावे लागेल. उलट, आपल्याला हव्या असलेल्या इसवी मुदतीच्या दोन टोकांचे फसली दिवस त्याने एकदाच काढून घेतले, तर त्याच सनांचे रुमाल तेवढे सोडावे लागतील. काम तेच, पण पहिल्या रीतीत परिवर्तन लाख वेळा होते, दुसऱ्या रीतीत दोन वेळा.

मुंबई राज्यात आल्यावर ह्या जिल्ह्याला गाव नमुन्यांची पद्धत लागू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी अँडरसन ह्यांनी ती पद्धत आपल्या महसुली हिशेबांच्या नियमपुस्तकात सुसूत्र मांडली होती. पुढे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम व १९७१ चे हक्कनोंदीविषयक नियम ह्यांत ती कायम झाली. त्यात फेरफाराची नोंद कालक्रमाने नमुना ६ मध्ये होते. तिचा परिणाम भूमापन क्रमांकानुसार नमुना ७ मध्ये उतरतो. तीच जमीन खातेदाराच्या नावाने नमुना ८-अ मध्ये पुन्हा येते. साऱ्या गावाचे क्षेत्र व महसूल ह्यांचा गोषवारा नमुना ५ मध्ये मिळतो. नमुना ६ ही कीर्द, ७ व ८-अ ह्या दोन दिशांनी लावलेल्या खतावण्या, आणि ५ हा तर्जुमा, असे म्हणावयास हरकत नाही. जमिनीवरून माणूस शोधावयाचा असो अथवा माणसावरून जमीन, दोन्ही उत्तरे एकेका पानात मिळतात, कारण एकच फेरफार तलाठ्याने अनेक ठिकाणी लिहिण्याचे कष्ट घेतलेले असतात.

५. यंत्राचे दफ्तर

परभणी जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला त्याच्या काही आठवडे आधी, सप्टेंबर १९५६ मध्ये, अमेरिकेतील आयबीएम कंपनीने चकतीवर नोंदी साठविणारा पहिला व्यापारी संगणक जाहीर केला. त्याच्या ५० चकत्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. ‘रॅमॅक’ ह्या त्याच्या नावातच हिशेब हा शब्द होता. पूर्वीच्या चुंबकीय फितीवर मधली एक नोंद हवी असली तरी फीत आरंभापासून फिरवावी लागे. चकतीवर हव्या त्या जागी थेट जाता येऊ लागले. म्हणजे यंत्राला प्रथमच सूचीचा उपयोग करणे शक्य झाले. पुढे बायर व मॅकक्राइट ह्यांनी १९७० च्या सुमारास मोठ्या सूचीची ‘बी-ट्री’ ही रचना सिद्ध केली. १९७० मध्येच कॉड ह्याने तक्त्यांच्या रूपात माहिती ठेवण्याचा सिद्धांत मांडला. वापरणाऱ्याने काय हवे ते सांगावे, ते कोणत्या मार्गाने शोधावे हे यंत्राने ठरवावे, असा त्याचा आशय होता. तो मार्ग खर्चाच्या अंदाजाने निवडण्याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक हिशेबी डेटाबेस ह्याच पायावर उभे आहेत.

मंद अहवालाची कारणे व उपाय एका कल्पित उदाहरणाने पाहू. असे समजा की परभणी जिल्ह्यातील एखाद्या मोठ्या सहकारी संस्थेच्या १० वर्षांच्या १ कोटी नोंदी डेटाबेसमध्ये आहेत. डेटाबेसच्या एका पानावर १०० नोंदी धरल्या तर १ लाख पाने झाली. एका सभासदाच्या खात्याचा उतारा हवा असून त्याच्या नोंदी ५० आहेत. सूची नसेल तर ५० नोंदींसाठी १ लाख पाने चाळावी लागतात. सूची असेल, व तिच्या एका पानावर २०० निर्देश मावत असतील, तर तीन पायऱ्यांत ८० लाख निर्देश सामावतात. म्हणून चार पायऱ्यांत १ कोटी नोंदींपैकी हवी ती सापडते. सूचीची चारपाच पाने आणि नोंदींची फार तर पन्नास, एवढ्यात काम भागते. सूची खाते व त्यापुढे तारीख अशा क्रमाने लावली असेल तर एका खात्याची मार्च महिन्याची उलाढाल लगेच मिळते. पण केवळ तारखेवरून विचारले तर तिचा उपयोग जवळजवळ होत नाही. आडनावांच्या यादीत केवळ व्यक्तिनामावरून शोधण्यासारखे ते होईल.

सूची सर्वत्र हितकारक असते असे मात्र नाही. अहवालाला एकूण नोंदींपैकी ३० लाख नोंदी लागत असतील, तर सूचीवरून एकेक नोंद गाठताना विखुरलेल्या पानांना ३० लाखांपर्यंत खेपा घालाव्या लागतील. त्यापेक्षा १ लाख पाने ओळीने वाचणे कितीतरी स्वस्त. कोणता मार्ग घ्यावा हे यंत्र नोंदींच्या संख्येच्या अंदाजावरून ठरविते. ते अंदाज जुने असतील, दोन वर्षांपूर्वी हजार नोंदी होत्या तेव्हाचे असतील, तर निवड चुकते. बेहेडा चुकला की वर्षाची व्यवस्था बिघडावी, तसाच हा प्रकार. म्हणून कोणताही उपाय योजण्यापूर्वी डेटाबेसने कोणता मार्ग निवडला आणि वेळ कोठे गेला, हे पाहिले पाहिजे. ते तो विचारल्यास सांगतो. हे न पाहता सूची वाढवीत जाणे म्हणजे रोग न ओळखता औषधे देणे होय. शिवाय प्रत्येक नवी सूची प्रत्येक नव्या नोंदीच्या वेळी लिहावी लागते. दहा सूच्या ठेवल्या तर एका नोंदीमागे अकरा ठिकाणी लेखन होते.

आणखी दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले, वर सांगितलेल्या फसली तारखेसारखे : प्रश्नातील मुदत नोंदींच्या सनात फिरविण्याऐवजी प्रत्येक नोंदीची तारीख प्रश्नाच्या सनात फिरविली जाते. महसुली वर्ष १ ऑगस्टपासून व आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून धरले जात असल्याने असे परिवर्तन आजही लागते. साठविलेल्या तारखेवर अशी क्रिया केली की तारखेची साधी सूची निष्फळ होते. दुसरे, फुटकळ विचारणा. २०,००० सभासदांच्या बाक्यांसाठी अहवालाचा प्रोग्राम डेटाबेसकडे २०,००० वेळा जातो. ही रीत दफ्तरखान्यात एकेका खात्यासाठी स्वतंत्र खेप घालणाऱ्या कारकुनाची झाली. सारी यादी एकदाच देऊन सर्व बाक्या एकदम मागितल्या तर तेच काम फार थोड्या वेळात होते.

ह्या सर्वांपलीकडे गोषवाऱ्याचा उपाय आहे. संस्थेची मुख्य खाती २०० असतील तर १० वर्षांच्या, म्हणजे १२० महिन्यांच्या, मासिक बेरजांच्या ओळी २४,००० होतात. ताळेबंदासाठी १ कोटी नोंदींऐवजी २४,००० ओळी वाचावयाच्या, हा फरक कोणत्याही नव्या यंत्राने साधणार नाही. तसेच वर्षवार विभाग करून बंद वर्षे बाजूस ठेवता येतात. ते रुमालच होत. वाचनासाठी स्वतंत्र प्रत ठेवली, म्हणजे अहवाल काढणाऱ्यामुळे नोंद करणारा खोळंबत नाही. ही विभागणी चालते व एकबेरीज ह्या दोन दफ्तरांची आठवण करून देते.

६. वेगाची किंमत

वरील उपायांपैकी प्रत्येकाने मूळ नोंदीशेजारी एक दुसरी वस्तू उभी केली आहे : सूची, बेरीज अथवा प्रत. सूची डेटाबेस स्वतःच जुळती ठेवतो. मासिक बेरजांचे तसे नाही. मागील तारखेची एक दुरुस्ती कीर्दीत झाली व गोषवाऱ्यात उतरली नाही, तर अहवाल वेगाने निघेल पण खोटा निघेल. म्हणून दोन्ही लेखने एकाच व्यवहारात, एकतर दोन्ही किंवा एकही नाही अशा रीतीने, झाली पाहिजेत. अथवा मुदत बंद करून तीत नवी नोंद मना केली पाहिजे. आणि कोणत्याही क्षणी मूळ नोंदींवरून गोषवारा नव्याने उभारून ताळा पाहण्याची सोय असली पाहिजे. मंद पण खरा अहवाल माणसाला थांबवितो. जलद व चुकीचा अहवाल त्याला चुकीच्या निर्णयाकडे नेतो, आणि त्याचा संशयही येऊ देत नाही.

महाराष्ट्रातील सात-बारा उताऱ्यांच्या संगणकीकरणात हे तत्त्व सार्वजनिक रीतीने अनुभवास आले. सुमारे अडीच कोटी उतारे हस्तलिखितावरून संगणकात उतरविताना नक्कल मूळाशी जुळते की नाही, हा प्रश्न उभा राहिलाच. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. उतारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवून चुका नोंदवून घेतल्या गेल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. तहसिलीत हेलपाटे घालून मिळणारा कागद आता काही क्षणांत मिळतो, ही मोठीच गोष्ट होय. पण त्या काही क्षणांच्या मागे चावडीवर बसून नावे व क्षेत्रे ऐकणाऱ्या माणसांचे श्रमही आहेत, हे विसरून चालणार नाही. वारसाचे नाव गळले असेल तर तो कागद जितका जलद निघेल तितकी ती चूक जलद पसरेल. पीककर्ज, भरपाई व विमा हे सारे त्याच कागदावर अवलंबून असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ह्यातून एक कर्तव्य प्राप्त होते. गोषवाऱ्यात बेरजा टिकतात, माणसे टिकत नाहीत. नमुना ५ वरून गावाचा महसूल कळतो, पण कोणत्या वर्षी कोणाच्या हातून कोणती जमीन गेली हे फेरफाराच्या नोंदीवाचून कळणार नाही. डेटाबेस हलका करण्यासाठी जुन्या वर्षांच्या नोंदी काढून टाकून केवळ आरंभीच्या शिलका पुढे ओढणे हा वेगाचा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत घातक. नोंदी बाजूस ठेवणे आणि नष्ट करणे ह्यांत जे अंतर आहे ते हिशेबनिसाला नेहमीच दिसते असे नाही. ते त्याला दाखविण्याचे काम आपले आहे.

परभणी व १ मे १९९९ रोजी तिच्यातून वेगळा झालेला हिंगोली ह्या दोन्ही जिल्ह्यांच्या जुन्या महसुली कागदांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने मोडी व उर्दू ह्या दोन्ही लिप्या शिकाव्या, हे तर उघडच आहे. त्याबरोबर हाती आलेल्या प्रत्येक कागदाला त्याने प्रथम विचारावे की हा कीर्दीचा आहे, खतावणीचा आहे, की गोषवाऱ्याचा. तो कोणत्या कागदावरून उतरविला गेला, आणि तो मूळ कागद आज कोठे आहे. आजच्या संगणकीय दफ्तरांबाबतही हेच प्रश्न पुढील संशोधकांना पडतील. त्यांची उत्तरे देता यावीत अशी रचना आज ठेवली, तरच आज मिळविलेला वेग त्यांच्या वाट्याचे ज्ञान खर्चून मिळविलेला ठरणार नाही.